अमळनेरहून स्टार्टअपच्या फायनान्समध्ये: ऑफर लेटर ते पहिलं अप्रेझल

सॉफ्टवेअर कंपनी म्हटलं की आपल्याकडे फक्त कोडिंग डोळ्यांसमोर येतं. त्या कंपनीलाही पगार करावे लागतात, जीएसटी भरावा लागतो, ऑडिट असतं आणि बँकेतला पैसा किती महिने पुरेल हे कोणीतरी दर महिन्याला सांगावं लागतं, हे लक्षात येत नाही. ते काम करणारी माणसं आपल्यासारखीच बी.कॉम., एम.कॉम., सीए, सीएमए झालेली असतात. जळगावच्या कारखान्यातून मी अशा कामात गेले, त्याला आता दीड वर्ष झालं. या काळात पगार, पद आणि कागदपत्रांबद्दल जे कळलं ते आकड्यांसह लिहून ठेवते. आमच्या भागात पगाराबद्दल चौकशी सगळे करतात, खरा आकडा मात्र कोणी फोडून सांगत नाही. त्यात नुकसान नवीन माणसाचं होतं.

माझं शिक्षण अमळनेरच्या प्रताप कॉलेजात झालं. २०१८ पासून जळगाव एमआयडीसीतल्या पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला होते. नोकरी करता करता २०२१ मध्ये सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) पूर्ण केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये माझा वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करत असलेला एकूण खर्च, ४ लाख ८० हजार होता आणि हातात ३६ हजारांच्या आसपास यायचे. कंपनी चांगली होती, शेठ माणूस म्हणून चांगले होते. पण माझ्या वरची खुर्ची एकच होती आणि तिच्यावरचे साहेब अजून पंधरा वर्षं निवृत्त होणार नव्हते.

दिवाळीच्या आधी रेझ्युमे नव्याने लिहिला. आधीच्या रेझ्युमेत 'जीएसटी रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन, टॅली' एवढंच होतं. पुण्याला गेलेल्या एका सीनियर ताईने तो वाचला आणि म्हणाली, "तू काय भरलंस ते यात आहे, तुझ्यामुळे काय बदललं ते कुठे आहे?" मग आठवून लिहिलं. खरिपाच्या आधी डीलर उधारीवर पाइप उचलतात आणि पैसे कापूस विकल्यावर देतात. त्या वसुलीचा गावनिहाय तक्ता मी बनवला होता आणि त्यावरून कोणाला किती माल सोडायचा हे ठरायला लागलं होतं. तीच ओळ सगळ्यात वर घातली. पुढे प्रत्येक मुलाखतीत प्रश्न त्याच ओळीवर आले.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ अवघड गेला. स्टार्टअपना गुंतवणूक मिळणं तेव्हा कमी झालं होतं आणि नोकरकपातीच्या बातम्या रोज येत होत्या. पुष्कळ अर्जांना उत्तरच आलं नाही. काही ठिकाणी 'फक्त सीए' अशी अट होती. कंपनीच्या आतल्या कामाला सीए असणं कायद्याने बंधनकारक नाही. ऑडिट रिपोर्टवर सही करायला सीए लागतो, बजेट आणि फोरकास्ट बनवायला लागत नाही. तरी ती अट टाकतात, आणि तिथे वाद घालण्यापेक्षा पुढे सरकणं बरं. या काळात मी फायनान्शियल मॉडेलिंगचा ६,५०० रुपयांचा एक ऑनलाइन कोर्स केला. त्याच्या सर्टिफिकेटबद्दल कोणीच विचारलं नाही, पण सराव पुढच्या महिन्यात कामाला आला.

जानेवारी २०२४ मध्ये त्याच ताईच्या रेफरलने पुण्यातल्या एका स्टार्टअपकडून फोन आला. कंपनी इतर कंपन्यांना वर्गणीवर सॉफ्टवेअर विकते. जागा 'सीनियर असोसिएट, एफपी अँड ए' अशी होती. एफपी अँड ए म्हणजे बजेट, अंदाज आणि विश्लेषण.

एचआरच्या पहिल्याच फोनमध्ये प्रश्न आला, "सध्याचा सीटीसी किती?" इथे थांबून नीट बोलायला हवं. आहे त्या पगारावर तीस टक्के वाढ हा सगळीकडे चालणारा हिशेब आहे. माझ्या आकड्यावर तो लावला असता तर सव्वासहा लाखांवर गोष्ट संपली असती, आणि त्याच खुर्चीवर पुण्यातून आलेल्या माणसाला दुप्पट मिळाले असते. मी पगार लपवला नाही. पगाराच्या स्लिपा पुढे तपासल्या जातातच, त्यामुळे खोटं कधीही सांगू नये. मी एवढंच म्हटलं, "माझा सीटीसी ४ लाख ८० हजार आहे, तो जळगावच्या उत्पादन कंपनीतला आहे. या कामासाठी माझी अपेक्षा ११ ते १३ लाख आहे." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी "ठीक आहे, नोंद करते" म्हटलं. हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. तशाच कामावर असलेल्या ओळखीच्या चार लोकांना विचारून ठेवला होता.

नंतर असाइनमेंट आली: एका काल्पनिक कंपनीचे आकडे, अठरा महिन्यांचा रोकड अंदाज आणि शेवटी एक प्रश्न, पैसा कधी संपेल? हिशेब साधा असतो. बँकेत १८ कोटी आहेत आणि दर महिन्याला निव्वळ १ कोटी २० लाख जास्त खर्च होतात, तर १५ महिने. यालाच रनवे म्हणतात, आणि महिन्याच्या त्या निव्वळ खर्चाला बर्न. पण ग्राहक ४५ दिवसांऐवजी ७५ दिवसांनी पैसे देऊ लागले तर काय होईल, हे मी वेगळ्या शीटवर दाखवलं. पाइपच्या उधारीने मला हेच शिकवलं होतं.

२ ते ४ फेब्रुवारीला अमळनेरात साहित्य संमेलन होतं. गाव पाहुण्यांनी भरलं होतं, आमच्याही घरी माणसं होती. संस्थापकांबरोबरची शेवटची फेरी ५ तारखेला, सोमवारी ठरली. वीज आणि नेटचा भरवसा नको म्हणून मी इन्व्हर्टर असलेल्या मामांच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसले आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवला. गावातून व्हिडिओ मुलाखत देणाऱ्यांनी ही सोय आधीच करून ठेवावी. वीज गेल्यावर पलीकडचा माणूस समजून घेतो, पण तुटलेला विचार पुन्हा जुळवणं कठीण जातं.

फेब्रुवारीच्या मध्यावर ऑफर आली: सीटीसी १२ लाख. घरी आनंद झाला. शेजारच्या आक्कांनी लगेच विचारलं, "पगार कितला शे वं?" आणि बाराने भागून त्यांनीच उत्तर दिलं, महिन्याला लाख. मी मात्र त्या रात्री वही घेऊन बसले, कारण ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात वेगळंच दिसत होतं.

त्या १२ लाखांत १ लाख ईसॉपचे होते, म्हणजे चार लाखांचे शेअर ऑप्शन (ठरलेल्या किमतीला कंपनीचा शेअर पुढे घेण्याचा हक्क) चार वर्षांत विभागून धरलेले. १ लाख २० हजार व्हेरिएबल होतं, म्हणजे कमी-जास्त मिळू शकणारा पगार. ५० हजारांचा जॉइनिंग बोनस होता, एकदाच मिळणारा, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. १८ हजार विम्याचा हप्ता. उरलेल्या ९ लाख १२ हजारांत कंपनीचा पीएफमधला वाटा आणि ग्रॅच्युइटीही आलीच. बेसिक महिन्याला ३५ हजार होतं. त्यावर १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ वर्षाला ५०,४०० आणि ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी सुमारे २०,२००. ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षं नोकरी झाली तरच हातात येते, आणि स्टार्टअपमध्ये पाच वर्षं टिकणारे थोडेच. हे सगळं वजा करून दरमहा रोख पगार ७०,१०० च्या आसपास उरला. त्यातून माझा पीएफ ४,२००, व्यवसाय कर २०० आणि नव्या करप्रणालीप्रमाणे सुमारे ३,००० टीडीएस गेला की हातात साडेबासष्ट ते त्रेसष्ट हजार. लाख नव्हे.

तरीही ही रक्कम माझ्या आधीच्या पगाराच्या पाऊणपट जास्त होती, आणि त्याचा मला मनापासून आनंद होता. प्रश्न फसवणुकीचा नव्हता, सगळं कागदावर लिहिलेलं होतं. पण सीटीसी ही बेरीज आहे आणि तिच्यातला प्रत्येक आकडा वेगळ्या जातीचा आहे. काही दर महिन्याला येतात, काही कंपनीच्या मर्जीवर असतात, काही कदाचित कधीच येत नाहीत. ऑफर हातात पडली की आधी 'दर महिन्याला बँकेत नक्की येणारी रक्कम किती' हा एकच आकडा काढा आणि दोन ऑफरची तुलना त्याच आकड्यावर करा.

एचआरला मी फोन न करता ईमेल केला. त्यात लिहिलं की ईसॉप मला हवे आहेत, पण ते पगारात मोजू नयेत. व्हेरिएबल अर्धं करून फरक निश्चित पगारात द्यावा. आणि मागच्या वर्षी फायनान्स टीमला व्हेरिएबल किती टक्के मिळालं ते सांगावं. उत्तर यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात झोप नीट लागली नाही, ऑफरच काढून घेतील अशी भीती होती. मग फोन आला आणि त्यांनी नवा मुद्दा काढला: "तुम्ही महिन्यातले बरेच दिवस अमळनेरहून काम करणार, तिथे राहण्याचा खर्च कमी आहे." मी शांतपणे म्हटलं, "मॅडम, काम पुण्याच्या माणसाइतकंच आहे, आणि महिनाअखेरीला मी स्वतःच्या खर्चाने पुण्यात येऊन राहणार आहे." शेवटी व्हेरिएबल ६० हजारांवर आलं आणि निश्चित पगार वर्षाला ९० हजारांनी वाढला. सीटीसी १२ लाख ३० हजार. हातात एकोणसत्तर हजारांच्या पुढे. ईसॉप सीटीसीत मोजणं त्यांनी सोडलं नाही. व्हेरिएबल मागच्या वर्षी ७० टक्के मिळालं होतं, हेही कळलं.

ईसॉपवरून घरात खरी चर्चा झाली. अमळनेरच्या माणसाला शेअर समजावून सांगावा लागत नाही. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली आणि जुने शेअर जपून ठेवलेल्या घरांच्या गोष्टी गावात सगळ्यांना पाठ आहेत. नानांनी एकच विचारलं, "शेर भेटतीन, पण इकता कव्हय येतीन?" (शेअर मिळतील, पण विकता कधी येतील?) मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्यांत इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विप्रोचा शेअर बाजारात नोंदलेला, वाटेल त्या दिवशी विकता येतो. खासगी स्टार्टअपचा शेअर कंपनी बाजारात येईपर्यंत, विकली जाईपर्यंत किंवा तिने स्वतः परत खरेदी करेपर्यंत विकायला गिऱ्हाईकच नसतं.

शिवाय कराचा भाग आहे. ऑप्शन वापरून शेअर घेतला, की त्या दिवशीचं मूल्य आणि आपण भरलेली किंमत यांतला फरक पगाराचाच भाग (पर्क्विझिट) धरून करपात्र होतो, शेअर विकला नसला तरी. समजा ८०० ऑप्शन आहेत, किंमत १० रुपये आणि मर्चंट बँकरने ठरवलेलं मूल्य ५१० रुपये. फरक ४ लाख. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह जवळपास सव्वा लाख कर, खिशातून. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ८०-आयएसीचं (काही स्टार्टअपना करसवलत देणारं) प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो: शेअर विकेपर्यंत, नोकरी सोडेपर्यंत किंवा कायद्यातली मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. सरकारमान्य स्टार्टअप असणं आणि हे प्रमाणपत्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून नेमकं प्रमाणपत्राबद्दलच विचारा. सोबत कंपनीचे एकूण शेअर किती आहेत, सगळे ऑप्शन धरून, हेही विचारा. नुसता '८००' हा आकडा काहीच सांगत नाही.

१ मार्च २०२४ ला राजीनामा दिला. करारात तीन महिन्यांची नोटीस होती आणि वेळ अशी की त्याच वर्षापासून प्राप्तिकराचं ४३-बी (एच) हे नवं कलम लागू झालं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती केली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मार्चमध्ये आमच्याकडे प्रत्येक पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून नोंदणीचं) गोळा करणं चालू होतं. शेठ म्हणाले, "ताई, हे अर्धवट टाकून जाऊ नका." मी एप्रिलअखेरपर्यंत थांबले, वर्षाचं काम पूर्ण करून दिलं, आणि उरलेला महिना माफ केल्याचं पत्र लेखी घेतलं. ते पत्र पुढे फार उपयोगी पडलं. तोंडी माफी पार्श्वभूमी तपासणीत चालत नाही.

२ मे २०२४ ला पुण्यात रुजू झाले. पहिले तीन महिने ऑफिसातच बसायचं होतं. बाणेरला पीजीत महिना ११ हजार आणि तेवढंच डिपॉझिट. पहिला पगार महिनाअखेरीला येतो, त्यामुळे निघताना निदान ४० हजार हाताशी असावेत.

रुजू होतानाच्या कागदांपैकी दोन महत्त्वाचे. पहिला फॉर्म १२ बी. एप्रिलचा पगार मला जुन्या कंपनीने दिला होता, तो नव्या कंपनीला कळवावा लागतो. नाही कळवला तर दोन्हीकडे प्रमाणित वजावट धरली जाते, टीडीएस कमी कापला जातो, आणि रिटर्न भरताना फरक व्याजासह भरावा लागतो. दुसरा पीएफ. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, पण जुन्या खात्यातली रक्कम आपोआप आली असं समजू नका, पासबुक उघडून बघा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती. फोन केले, 'करतो' म्हणाले. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तारीख सदस्याला स्वतः पोर्टलवर आधार ओटीपीने भरता येते. जुलैमध्ये मी तसं केलं, लगेच ट्रान्सफरचा अर्ज टाकला, आणि सप्टेंबरमध्ये रक्कम नव्या खात्यात दिसली.

कामाबद्दल थोडं. कारखान्यात माल गेला की विक्री. इथे ग्राहक वर्षाचे १२ लाख आधीच भरतो, पण उत्पन्न दर महिन्याला १ लाखच धरायचं, उरलेलं देणं म्हणून ताळेबंदात राहतं. बँकेत पैसा दिसतो म्हणून विक्री विभाग खूश, आणि आपण सांगायचं की यातलं बरंचसं अजून आपलं नाही. हे न भांडता सांगता येणं हीच या कामातली मोठी कसोटी आहे, असं माझं मत झालं आहे.

ईसॉपचं ग्रँट लेटर ऑगस्टमध्ये, बोर्डाच्या बैठकीनंतर आलं. कायद्याने ग्रँट (ऑप्शन दिले जाणं) आणि पहिलं व्हेस्टिंग (ते वापरायचा हक्क मिळणं) यांत किमान एक वर्ष जावं लागतं. म्हणजे घड्याळ मे महिन्यात नव्हे, ऑगस्टमध्ये सुरू झालं. ऑफर घेतानाच 'ग्रँट कोणत्या महिन्यात' हे विचारून ठेवावं.

पहिलं अप्रेझल एप्रिल २०२५ ला झालं. तयारी जानेवारीपासून केली होती: महिन्याची पुस्तकं चौदाव्या दिवसाऐवजी सातव्या दिवशी बंद होऊ लागली, थकबाकीचा तक्ता विक्री विभाग स्वतःहून मागू लागला, अशा गोष्टी तारखांसह लिहिल्या. निश्चित पगारात १२ टक्के वाढ मिळाली. व्हेरिएबल अकरा महिन्यांचं ५५ हजार व्हायला हवं होतं, ८० टक्क्यांनी ४४ हजार आलं, तेही जूनमध्ये. हातात येणारी रक्कम मात्र ८२ हजारांच्या आसपास गेली, कारण त्याच महिन्यापासून नव्या करप्रणालीत पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर उरला नाही. हा फरक सरकारने दिला, कंपनीने नव्हे. वाढ मोजताना दोन्ही वेगळे ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कमी वाढ मिळूनही कळणार नाही.

पद मात्र तेच राहिलं. मी साहेबांना विचारलं, "सर, पुढच्या पदासाठी नेमकं काय लागतं?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की इंजिनिअरांच्या पायऱ्या कंपनीत लिहिलेल्या आहेत, फायनान्सच्या नाहीत. टीमच सात जणांची. मग आम्ही दोघांनी त्या लिहिल्या. एक वाट कंट्रोलरशिपची: पुस्तकं, ऑडिट, कर, परदेशी गुंतवणुकीची रिझर्व्ह बँकेकडची कामं. दुसरी एफपी अँड एची: बजेट, दर ठरवणं, बोर्डाचे अहवाल. वरच्या खुर्चीसाठी दोन्ही लागतात, म्हणून प्रत्येक पायरीवर दुसऱ्या वाटेचं एखादं काम घालून घेतलं. मी जुलैमधला एफएलए रिटर्न (परदेशी देणी आणि मालमत्तेची रिझर्व्ह बँकेला द्यायची वार्षिक माहिती) मागून घेतला, तो दरवर्षी १५ जुलैपर्यंत भरायचा असतो. सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, हे पद खासगी कंपनीला कायद्याने बंधनकारक नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि १० कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या पब्लिक कंपन्यांना ते आहे. म्हणून बऱ्याच स्टार्टअपमध्ये ती खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी असते, आणि शेअर बाजारात जायची वेळ आली की अनुभवी माणूस बाहेरून आणतात. 'तूच उद्याची सीएफओ' असं कोणी म्हटलं तर आनंद माना, पण पगार त्यावर सोडू नका.

ऑक्टोबर २०२५ मध्ये असिस्टंट मॅनेजर झाल्याचं पत्र मिळालं, पगार पुढच्या एप्रिलमध्ये बघू या अटीवर. ही अट मी पत्रातच लिहून घेतली.

त्याआधी ऑगस्ट २०२५ मध्ये माझे पंचवीस टक्के ऑप्शन व्हेस्ट झाले. ते मी वापरलेले नाहीत. आमच्या कंपनीकडे ८०-आयएसीचं प्रमाणपत्र नाही, त्यामुळे कर लगेच बसेल, आणि विकायची सोय सध्या दिसत नाही. नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला फक्त ९० दिवस मिळतात. ती मुदत वाढवावी असा लेखी अर्ज आम्ही काही जणांनी मिळून दिला आहे, आणि बोर्डाच्या पुढच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर आहे.